घसरून पडण्याची सोय

नमस्कार.

जुन्या अम्युझमेंट पार्कांचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास रोलर कोस्टरचा येतो. जगातला सर्वांत जुना कुठला, अजून चालतो का, बसता येतं का. त्याची उत्तरं मी देईनच, पण सुरुवात फनहाऊसपासून करतो. शोधायला बाहेर पडलात तर शंभर वर्षांचा कोस्टर तुम्हाला सापडेल. नव्वद वर्षांचं फनहाऊस सापडता सापडणार नाही. असं का झालं हे कळलं की काय कुठे शोधायचं तेही बरंचसं कळतं.

फनहाऊस म्हणजे नुसता आरसेमहाल नव्हे. वेडेवाकडे आरसे ही त्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट. खरा माल आणखी आत. माणूस उभा राहील एवढं लाकडी पिंप आडवं ठेवून संथपणे फिरवलेलं असे, त्यातून चालत पलीकडे जायचं. मग पुढेमागे सरकणाऱ्या फळ्यांची वाट. डावा पाय पुढे निघालेला, उजवा मागे. मग तिरपी खोली. तिच्यात जमीन, भिंती, खिडक्या सगळं एकाच बाजूला कललेलं, त्यामुळे डोळे सरळ म्हणतात आणि पोटातलं पाणी नाही म्हणतं. दमून एखाद्या बाकावर बसावं तर बाकच खाली कोसळे आणि तुम्ही धावत्या पट्ट्यावर पडून गडगडत थेट बाहेर येत असा. याला 'मॅजिक कार्पेट' म्हणत. शिवाय दोन-तीन मजले उंच लाकडी घसरगुंड्या, बुडाखाली गोणपाट घेऊन बसायच्या. आणि मोठी गुळगुळीत फिरती तबकडी. तिच्यावर सगळ्यांनी बसायचं, ती गरगरायला लागली की एकेक जण कडेला फेकला जाणार, आणि फेकला जाणाराच सगळ्यात मोठ्याने हसणार.

आता यात एक गोष्ट लक्षात घ्या. यातल्या कशातही तुम्हाला कोणी बांधून ठेवत नाही. पट्टा नाही, मांडीवरचा दांडा नाही. कोस्टरमध्ये माणूस एकदा बसवून अडकवला की तो सामान होतो. त्याचं वजन, वेग, वळण या सगळ्याचा हिशेब मांडता येतो. फनहाऊसमध्ये माणूस स्वतःच्या पायांवर असतो, आणि घसरून पडणं हा अपघात नसून तिकिटाचा मोबदला असतो. विमा उतरवणाऱ्याच्या जागी बसून बघा. ज्या घरात पडण्यासाठीच माणसं येतात, त्या घराचा हप्ता किती लावाल?

हा सगळा प्रकार ज्याने मोठ्या प्रमाणावर मांडला तो जॉर्ज टिलयू. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1897 साली त्याने स्टीपलचेस पार्क सुरू केलं. 1907 मध्ये ते जळून खाक झालं तेव्हा या गृहस्थाने दुसऱ्याच दिवशी पाटी लावली की धुमसते अवशेष बघायचे असतील तर प्रवेश फी दहा सेंट. मग त्याने काचेचं छत असलेला 'पॅव्हिलियन ऑफ फन' उभारला. तिथली खरी चलाखी बाहेर पडायच्या वाटेवर होती. लाकडी घोड्यांच्या शर्यतीतून उतरलात की बाहेर जायची वाट एका रंगमंचावरून जायची, हे तुम्हाला माहीत नसायचं. जमिनीतून हवेचा झोत यायचा, टोप्या उडायच्या, झगे वर जायचे, एक विदूषक विजेच्या काठीने चटका देत मागे लागायचा. समोर प्रेक्षक खच्चून भरलेले. कशीबशी सुटका करून खाली उतरलात की तुम्हीही रिकामी खुर्ची पकडायचात, पुढचा बकरा बघायला. फजिती झालेलाच पाच मिनिटांत प्रेक्षक होतो. हे यंत्र चालवायला तेल फारसं लागतच नव्हतं.

स्टीपलचेस 1964 च्या हंगामानंतर बंद झालं. जागा बिल्डर फ्रेड ट्रम्प यांनी विकत घेतली आणि 1966 मध्ये पॅव्हिलियन पाडला. तिथलं आज उभं आहे ते फक्त पॅराशूट जंप, तेही नुसता लोखंडी सांगाडा म्हणून. राइड म्हणून ते कित्येक दशकं बंद आहे.

पण फनहाऊस संपवली ती एकट्या बिल्डरांनी नाही. दोन आगी सांगतो. 9 जून 1979 रोजी सिडनीच्या लुना पार्कमध्ये घोस्ट ट्रेनला, म्हणजे अंधारातून फिरणाऱ्या भुताच्या गाडीला आग लागली आणि सात जण गेले, त्यातली सहा मुलं. 11 मे 1984 रोजी न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचरमध्ये 'हॉन्टेड कॅसल' हे पायी फिरायचं भुताचं घर पेटलं. आठ किशोरवयीन मुलं आत अडकून मेली. लाकूड, प्लायवूड, कापड, रंग आणि मुद्दाम गोंधळात टाकणारी वाट. आग लागली तर याहून वाईट जागा नाही. पाण्याचे फवारे, धुराचे गजर, खुणांचे दिवे सक्तीचे झाले आणि ते योग्यच झालं. मात्र ज्या छोट्या पार्कांना हा खर्च झेपणारा नव्हता त्यांनी कुलूप लावलं किंवा बुलडोझर फिरवला. जुन्या गोष्टींचं प्रेम असलेली माणसं या टप्प्यावर जरा भाबडी होतात, नियमांना शिव्या घालतात. मला ते पटत नाही. अशा ठिकाणी आत शिरताना बाहेर पडायची दारं बघून ठेवायची सवय मी लावून घेतली आहे.

गंमत अशी की जगातलं सगळ्यात नीट टिकलेलं फनहाऊस त्याच सिडनीच्या लुना पार्कात आहे. नाव 'कोनी आयलंड'. पार्क 1935 मध्ये हार्बर ब्रिजच्या पायथ्याशी उभं राहिलं तेव्हाचीच ही इमारत. आगीनंतर पार्क बंद पडलं, जागेवर डोळे लागले, सामानाचा लिलाव झाला. तेव्हा काही कलाकार आणि शहरातली माणसं 'फ्रेंड्स ऑफ लुना पार्क' म्हणून उभी राहिली. त्यात मार्टिन शार्प आणि पीटर किंग्स्टन हे चित्रकार होते. दोघांनी त्या पार्कासाठी आधी रंगकाम केलेलं होतं, त्यामुळे आत काय आहे ते त्यांना हाताने माहीत होतं. आज तिथे फिरती पिंपं आहेत, हलत्या वाटा आहेत, जॉय व्हील ही फिरती तबकडी आहे आणि त्या अवाढव्य लाकडी घसरगुंड्या आहेत. वर चढायला जिने, जिन्यात हातात चटई घेतलेली मुलं आणि त्यांच्या मागे 'मी फक्त सोबत आलोय' असं म्हणणारे बाप. भिंतींवर आर्थर बार्टन यांची चित्रं. बार्टन त्या पार्कचे पगारी चित्रकार होते आणि वर्षानुवर्षं दर हंगामाला तिथे काहीतरी रंगवत असत. 2010 पासून सगळं पार्क न्यू साउथ वेल्सच्या वारसा यादीत आहे.

अमेरिकेत कोणाला असं काही हवं असेल तर पिट्सबर्गजवळच्या केनीवूडला जावं. तिथे 'नोआज आर्क' आहे. पुराच्या कथेतली नौका, एका टेकाडावर बसवलेली, आणि सगळी नौकाच यंत्राने डुगडुगते. तुम्ही आत अंधारात चालत असता आणि पायाखालची आख्खी इमारत कलंडत असते. ही कल्पना लीरॉय रेमंड यांची, 1919 ची. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अशा नौका बऱ्याच पार्कांत होत्या. केनीवूडची 1936 ची. त्याच वर्षी मार्चमध्ये पिट्सबर्ग शहर खरोखर पुरात बुडालं होतं, तो योगायोग तिथले लोक आवडीने सांगतात. चालू असलेल्यांपैकी ही शेवटची. 1969 मध्ये तिच्या दाराला देवमाशाचा जबडा बसवला. मऊ जिभेवरून आत शिरायचं. 1996 मध्ये तो काढून टाकला, लोक वीस वर्षं कुरकुरत राहिले, आणि 2016 मध्ये जबडा परत आला. वारसा जपणं म्हणजे दर वेळी मोठा लढा असतो असं नाही. कधी कधी कुरकूर पुरते.

आता अंधारातल्या गाड्यांकडे वळतो, कारण शोधणाऱ्याला खरी मजा तिथे आहे. 1928 च्या सुमारास न्यू जर्सीतल्या ब्रिजटनच्या लिऑन कॅसिडीने एक साधी युक्ती केली. त्याआधी अंधारातून जायचं तर पाण्याचा कालवा खोदून त्यात होड्या सोडाव्या लागत. 'ओल्ड मिल' म्हणतात ती हीच. केनीवूडला 1901 ची आहे. कॅसिडीने कालवा टाळला. जमिनीवर एकच रूळ, त्यावर विजेवर चालणारी दोन माणसांची गाडी, आणि रूळ इतका वेडावाकडा की छोट्याशा गोदामात भरपूर लांबीची वाट मावते. कुणीतरी उतरताना म्हणालं की पिळून प्रेट्झेल झालं, म्हणून कंपनीचं नाव प्रेट्झेल. गाडीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी ओतीव प्रेट्झेल लावलेला असे. तो नुसता शोभेचा नव्हता. वळणावर गाडी कलू नये म्हणून ते वजन होतं.

या गाड्यांचं काम जवळून बघण्यासारखं आहे. अंधारात तुमच्या कानाशी अचानक खडखडाट होतो, कवटी पुढे येते. आज आपण समजतो की सेन्सर असेल. तिथे सेन्सर वगैरे काही नाही. गाडी जाताना चाकाखाली एक पट्टी दाबली जाते, पट्टी दांडा ओढते, दांडा पत्र्यावर काहीतरी आपटतो. म्हणजे तुम्हाला घाबरवणारी शक्ती तुमच्याच वजनातून आलेली. छतावरून लोंबणारे दोरे चेहऱ्यावरून जातात, तेच कोळ्याचं जाळं. दुरुस्तीला स्क्रूड्रायव्हर आणि तेलाचं कॅन पुरतं, आणि म्हणूनच या गाड्या कधी पैसा न आलेल्या पार्कांत टिकल्या. न्यूयॉर्क राज्यात सिल्व्हन बीचला 1954 ची 'लॅफलँड' आहे. इंग्लंडात ब्लॅकपूलने 1930 मध्ये हीच राइड आणली. तिथे प्रेट्झेल हा खाऊ कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून त्या काळी गाजणाऱ्या एका नाटकाच्या नावावरून तिला 'घोस्ट ट्रेन' म्हटलं गेलं, आणि पुढे इंग्रजी बोलणाऱ्या निम्म्या जगात तेच नाव रूढ झालं.

पुढच्या पिढीतलं मोठं नाव बिल ट्रेसी. साठच्या दशकात त्याने अमेरिकाभर भुताची घरं उभारली. त्याची भुतं थोडी चावट, थोडी रक्ताळलेली. 1974 मध्ये तो गेला. त्याचं काम बघायचं तर मेरीलँडच्या ओशन सिटीतलं ट्रिम्पर्स, नाहीतर पेन्सिल्व्हेनियात ईरीजवळचं वॉल्डामीर. दोन्हीकडे त्याची गाडीची राइडही आहे आणि पायी फिरायचं 'पायरेट्स कोव्ह'ही. पायी फिरायचं आधी बघा. ते अधिक दुर्मीळ आहे.

अंधारातल्या राइडमध्ये काय टांगलेलं आहे याची चौकशी फार कोणी करत नाही. 1976 च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला एका दूरदर्शन मालिकेचं चित्रीकरण चाललं होतं. जुन्या 'लाफ इन द डार्क'मध्ये चमकत्या रंगाने रंगवलेला एक पुतळा लटकत होता. हलवताना त्याचा हात निखळला आणि आत हाड दिसलं. तो पुतळा नव्हताच. तो एल्मर मॅककर्डी, 1911 मध्ये ओक्लाहोमात पोलिसांच्या गोळीने मेलेला एक फारसा यशस्वी नसलेला दरोडेखोर. प्रेतावर मसाला लावलेला, न्यायला कोणी आलं नाही, मग ते जत्रांच्या खेळांतून हातोहात फिरत गेलं आणि कधीतरी ते खरं असल्याचंच लोक विसरले. 1977 मध्ये त्याला गथ्रीच्या दफनभूमीत पुरलं आणि वर काँक्रीट ओतलं, पुन्हा कोणी काढू नये म्हणून.

असो. कोस्टरचं उत्तर द्यायचं राहिलं. उभा असलेला सर्वांत जुना कोस्टर म्हणजे पेन्सिल्व्हेनियातल्या अल्टूनाच्या लेकमाँट पार्कातला 'लीप-द-डिप्स', 1902 चा. 1985 ते 1999 तो बंद पडून होता आणि नुसता उभा राहिला. त्याच्या डब्यांना रुळाखालून पकडणारी चाकं नाहीत. ती युक्ती जॉन मिलरने नंतर काढली, आणि त्यानंतर कोस्टरची उंची वाढत गेली. म्हणून लीप-द-डिप्सचा सगळ्यात मोठा उतार जेमतेम नऊ फूट. जास्त खोल केला असता तर डबा रूळ सोडून उडाला असता. बसणाऱ्याला तो संथ वाटायचा; आता चालू आहे का ते जाण्याआधी विचारून घ्या. मला विचाराल तर बसू नका, खाली उभं राहून लाकडाची बांधणी बघा.

सतत चाललेल्यांत सर्वांत जुना मेलबर्नच्या लुना पार्कातला सिनिक रेल्वे, 1912 चा. आणि इथे मला सगळ्यात जास्त रस आहे, कारण त्या गाडीच्या मध्यभागी एक माणूस उभा असतो आणि त्याच्या हातात ब्रेकचा दांडा असतो. रुळांवर ब्रेक नाहीत. उतार येतो तसा तो दांडा सोडतो, वळण आलं की ओढतो. गाडी आज किती भरली आहे, लाकूड ओलं आहे का, वारा कुठून येतोय, हे त्याला कळावं लागतं. असे कोस्टर जगात मोजकेच उरलेत. कोपनहेगनच्या टिव्होलीतला 1914 चा, इंग्लंडातल्या ग्रेट यारमथचा 1932 चा, हेलसिंकीच्या लिन्नानमाकीतला 1951 चा, इंग्लंडातल्याच मार्गेटच्या ड्रीमलँडमधला 1920 चा. मार्गेटचा 2002 मध्ये संरक्षित वास्तूंच्या यादीत गेला, 2008 मध्ये कुणीतरी त्याला आग लावली, मग त्याचा दर्जा आणखी वाढवला गेला आणि 2015 मध्ये तो पुन्हा धावला. यातला कुठलाही गाठायचा असेल तर निघण्यापूर्वी तो त्या हंगामात चालू आहे का ते विचारून घ्या. दुरुस्तीसाठी आख्खं वर्ष बंद राहणं या मंडळींना नवीन नाही.

इथे कोणीतरी हटकून विचारतं: जळलेलं, पुन्हा बांधलेलं, दर हिवाळ्यात फळ्या बदललेलं हे सगळं 'मूळ' कसं? लाकडी कोस्टरच्या बाबतीत हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. ऊनपावसात ठेवलेलं लाकूड बदलावंच लागतं, ते बांधणाऱ्यांनाही ठाऊक होतं. केनीवूडच्या पूर्वेला कनोबेल्स पार्क आहे; त्यांनी 1985 मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनिओतला बंद पडलेला 1947 चा कोस्टर सुटा करून, लाकडांवर क्रमांक टाकून, नकाशे हाती नसताना पेन्सिल्व्हेनियात उभा केला. त्याचं नाव 'फिनिक्स' ठेवलं, आणि आज तो अमेरिकेतल्या सर्वांत लाडक्या कोस्टरांपैकी एक आहे. माझी कसोटी वेगळी आहे. त्या यंत्रात माणसाच्या हातापायांवर किती सोडलेलं आहे, ते मी बघतो. ब्रेकवाला काढून संगणक बसवला तर एकूण एक फळी 1912 ची असली तरी माझ्या लेखी ती राइड गेली.

शोधायचं कसं? अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियापासून सुरुवात करा. ट्राम कंपन्यांनी रविवारी डबे रिकामे धावू नयेत म्हणून मार्गाच्या शेवटी पार्कं बांधली होती. केनीवूड हे 1898 चं तसंच. जी पार्कं एकाच कुटुंबाकडे पिढ्यान् पिढ्या राहिली, तिथे जुनं काढून टाकायची घाई कोणाला झाली नाही. कनोबेल्सला तर आजही प्रवेश फी नाही. घरबसल्या शोधणाऱ्यांसाठी सॅनबॉर्नचे नकाशे आहेत. हे आगीच्या विम्यासाठी काढलेले गावागावांचे नकाशे, प्रत्येक इमारत कशाची आहे त्याचा रंग वेगळा, आणि कडेला बारीक अक्षरात 'मेरी-गो-राउंड' किंवा 'रोलर कोस्टर' लिहिलेलं सापडतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते खुले केले आहेत. ज्या विम्याने फनहाऊसं बंद पाडली त्याच विम्याच्या कागदांत त्यांचा पत्ता मिळतो. 'बिलबोर्ड' हे नियतकालिक आज गाण्यांच्या यादीसाठी माहीत आहे, पण 1960 पर्यंत त्यात पार्कं, जत्रा, राइडची खरेदी-विक्री यांच्या बातम्या असत. कुठली राइड कुठून कुठे गेली याचा माग तिथे लागतो. कोस्टरची नोंद ठेवणारा मोठा माहितीसाठा ड्वेन मार्डन 1996 पासून चालवतात. भुताच्या गाड्या आणि फनहाऊस यांच्यामागे लागलेल्यांची वेगळी संघटना आहे, आणि ती माणसं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेडी आहेत.

घोड्यांच्या चक्रांबद्दल आज बोलत नाही, त्याला वेगळं व्याख्यान लागेल. एवढंच सांगतो की कोरीव घोडा संग्राहकाला एकेकटा विकला की जास्त पैसे मिळतात, म्हणून शाबूत चक्रं लिलावात फुटली. पॅरिसच्या बर्सीमध्ये जत्रेच्या कलांचं संग्रहालय आहे, तिथे 1897 चं सायकलींचं चक्र आहे. बसणाऱ्यांनी पायडल मारायचे, मोटर नाही. बघाल तर बसा, बाजूला उभं राहू नका.

आणि सॅन फ्रान्सिस्कोला गेलात तर लाफिंग सॅल. प्लेलँड या तिथल्या जुन्या पार्काच्या फनहाऊसवर काचेआड कमरेतून वाकून खदाखदा हसणारी ती लाल केसांची यांत्रिक बाई. तिच्या चौथऱ्यात तबकड्यांचा ग्रामोफोन असायचा, तबकड्या संपल्या की कामगाराने येऊन पुन्हा लावायच्या, तोवर ती गप्प. प्लेलँड 1972 मध्ये पाडलं. ती आता फिशरमन्स वॉर्फवरच्या म्यूझे मेकानिकमध्ये आहे. नाणं टाकलं की हसते. लहान मुलं रडतात, अजूनही.

शेवटी ज्यांना बघण्यापेक्षा पडायची हौस आहे त्यांच्यासाठी. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये 'टॉयफल्सराड' आहे, सैतानाचं चाक, 1910 पासून. तीच ती फिरती तबकडी. निवेदक कधी लहान मुलांना, कधी बायकांना, कधी पुरुषांना वर बोलावतो आणि बव्हेरियन बोलीत प्रत्येकाची टर उडवतो. भोवती बाकांवर प्रेक्षक, एका तिकिटात हवा तितका वेळ बसा. चढायचं ठरवलंत तर धावत जाऊन बरोब्बर मधोमध बसकण मारा, पाठी एकमेकांना टेकवा, तळवे लाकडावर चिकटवा. कडेचे आधी उडतात. मधले दोघं-तिघं उरले की वरून मोठा मऊ गोळा झुलवत सोडतात, दोर टाकून ओढतात. खिशात चष्मा किंवा फोन ठेवू नका, आणि झगा घातला असेल तर आत काहीतरी घाला.

चला, आता प्रश्न घेऊ.